कुऱ्हाडीवरील लेख : एका वादग्रस्त सामन्याचे दोन निकाल

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि पालो आल्टोजवळील स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्यात दरवर्षी फुटबॉलचा एक सामना होतो. त्याचे विजयचिन्ह म्हणजे लाकडी फळीवर बसविलेले कुऱ्हाडीचे एक पाते होय. पात्याबरोबरच्या फलकावर वर्षानुवर्षांचे निकाल नोंदविलेले आहेत. या नोंदींपैकी १९८२ ची नोंद स्थिर नाही. कुऱ्हाड कॅलिफोर्नियाकडे असते तेव्हा ती ‘कॅलिफोर्निया २५, स्टॅनफर्ड २०’ अशी वाचावयास मिळते. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की तेथील विद्यार्थी ती बदलतात आणि मग स्टॅनफर्ड २० विरुद्ध १९ अशा फरकाने विजयी ठरते. पुढे कुऱ्हाड परत आली की पहिला आकडा पुन्हा बसविला जातो.

ताम्रपटातील खाडाखोड वा शिलालेखातील मागाहून घातलेली ओळ हुडकून काढण्याची सवय असलेल्या अभ्यासकास हा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि येथे फेरफार करणारा तो लपवीत नाही, प्रतिपक्षास तो ठाऊक असतो, आणि तो होणार हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. अशा उघड फेरफारास बनावट लेख म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न साधनचिकित्सेच्या दृष्टीने विचारार्ह आहे.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात वा मुंबईत खेळला जातो तो पायाने खेळावयाचा खेळ नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अमेरिकन फुटबॉल मुख्यतः हाताने खेळला जातो. लांबट चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जाणे, म्हणजेच ‘टचडाऊन’ करणे, हे त्यातील प्रधान उद्दिष्ट असून त्यास सहा गुण मिळतात. उभ्या खांबांमधून लाथेने चेंडू पार केल्यास तीन गुण मिळतात. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघास चार प्रयत्न मिळतात व अशा प्रत्येक प्रयत्नास ‘डाऊन’ म्हणतात. महाविद्यालयीन सामन्यात चेंडू धरणाऱ्याचा गुडघा जमिनीस टेकला की तो प्रयत्न संपतो. मात्र वेळ संपल्यामुळे चालू प्रयत्न थांबत नाही. घड्याळ शून्यावर आले तरी तो पुरा होईपर्यंत खेळ जिवंत राहतो. पुढील विवेचनास एवढे नियम पुरेसे आहेत.

दोन्ही संस्थांचे वैर समजण्यासाठी त्यांची घडण ध्यानात घेतली पाहिजे. बर्कलीचे विद्यापीठ १८६८ मध्ये स्थापन झालेले, राज्याच्या पैशावर चालणारे. स्टॅनफर्ड हे लेलंड स्टॅनफर्ड या रेल्वेसम्राटाच्या देणगीतून उभे राहिलेले, १८९१ मध्ये उघडलेले खाजगी विद्यापीठ. एक सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेस, तर दुसरे त्याच्या दक्षिण टोकाकडे. स्टॅनफर्डचे पहिले शैक्षणिक वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १९ मार्च १८९२ रोजी, दोहोंचा पहिला सामना सान फ्रान्सिस्कोत झाला व त्यात नव्या विद्यापीठाने जुन्यास १४–१० असे हरविले. स्टॅनफर्डच्या संघाची व्यवस्था पाहणारा विद्यार्थी हर्बर्ट हूवर हा होता. तोच पुढे १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्या दिवशी चेंडू आणण्याचेच राहून गेले आणि तो मिळेपर्यंत खेळ खोळंबला, ही कथा दोन्ही विद्यापीठांत आजही सांगितली जाते. हा खेळ जीवघेणा होत चालल्याची ओरड झाल्यावर १९०६ पासून दोन्ही विद्यापीठांनी तो सोडून रग्बी स्वीकारली. कॅलिफोर्निया १९१५ मध्ये जुन्या खेळाकडे परतले, स्टॅनफर्ड मात्र काही काळ रग्बीलाच धरून राहिले. १९१८ च्या युद्धकाळात कॅलिफोर्नियाने ६७–० असा विजय मिळविला. परंतु समोर स्टॅनफर्ड येथे असलेल्या लष्करी शिक्षणदलाचा संघ होता व त्यातील काही जण स्टॅनफर्डचे विद्यार्थीही नव्हते, म्हणून तो सामना अधिकृत मालिकेत धरीत नाहीत. सामना घडला की नाही हा प्रश्न नसून तो ‘मोजावयाचा’ की नाही हा प्रश्न आहे. असा भेद या परंपरेत १९८२ पूर्वीच रुजलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कुऱ्हाडीचा इतिहास याहून मौजेचा आहे. एप्रिल १८९९ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी एका सभेत कॅलिफोर्नियाच्या निळ्या-सोनेरी रंगांचे कपडे घातलेल्या गवताच्या पुतळ्याचे मुंडके लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीने उडविले. दोन दिवसांनी सान फ्रान्सिस्कोत उभय विद्यापीठांचा बेसबॉलचा सामना होता. तेथेही तीच कुऱ्हाड मिरविण्यात आली. सामना कॅलिफोर्नियाने जिंकला आणि त्यानंतरच्या झटापटीत त्याच्या विद्यार्थ्यांनी कुऱ्हाड हिसकावली. शहराच्या रस्त्यांतून पाठलाग झाला. वाटेत दांडा कापून टाकण्यात आला आणि पाते अंगावरील कपड्यांखाली लपवून, धक्क्यावरील पाळत चुकवून, होडीने उपसागरापार नेण्यात आले. पुढे ३१ वर्षे ते बर्कलीच्या ताब्यात राहिले. ते बँकेच्या तिजोरीत असे व वर्षातून एकदा मिरवणुकीसाठी बाहेर निघे. ३ एप्रिल १९३० रोजी स्टॅनफर्डच्या २१ विद्यार्थ्यांनी अशाच एका प्रसंगी, काहींनी छायाचित्रकारांचे सोंग घेऊन व अश्रुधुराचा वापर करून, ते पळवून नेले. या चोरीची परतफेड चोरीनेच होत राहणार हे दिसू लागल्यावर १९३३ मध्ये तडजोड झाली. वार्षिक फुटबॉल सामना जिंकेल त्याच्याकडे कुऱ्हाड जावी आणि सामना बरोबरीत सुटल्यास ती असेल तेथेच राहावी, असे ठरले.

१९८१ चा सामना स्टॅनफर्डने जिंकलेला असल्यामुळे १९८२ मध्ये कुऱ्हाड त्यांच्याकडे होती. २० नोव्हेंबर १९८२ रोजी बर्कलीच्या मेमोरियल क्रीडांगणावर दोन्ही संघ भेटले. स्टॅनफर्डचा अग्रणी खेळाडू जॉन एल्वे याचा हा महाविद्यालयीन कारकीर्दीतील अखेरचा सामना ठरणार होता. तो जिंकला असता तर मोसमाअखेरच्या एका ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण संघास मिळण्याची दाट शक्यता होती. कॅलिफोर्नियाचा प्रशिक्षक जो कॅप हा त्याच विद्यापीठाचा जुना खेळाडू होता. कॅलिफोर्निया १९–१७ असे पुढे असताना स्टॅनफर्ड आपल्याच १३ यार्ड रेषेवर अडकले. चौथा व अखेरचा प्रयत्न आणि सरकावयाचे १७ यार्ड. एल्वेने २९ यार्डांचा पास पूर्ण केला व मजल दरमजल करीत संघास खांबांच्या टप्प्यात आणले. आठ सेकंद उरले असता घड्याळ थांबविण्यात आले. मार्क हार्मनने ३५ यार्डांवरून चेंडू खांबांतून पार केला. स्टॅनफर्ड २०, कॅलिफोर्निया १९. चार सेकंद शिल्लक होते.

घड्याळ थांबविण्याची ही आठ सेकंदांची वेळ जरा उशिरा निवडली असती तर पुढचे काहीच घडले नसते, ही खंत स्टॅनफर्डच्या अनुयायांत कायमची राहिली आहे. आनंदाच्या अतिरेकाबद्दल स्टॅनफर्डला १५ यार्डांचा दंड झाल्यामुळे पुढील लाथ त्यांना मागे, २५ यार्ड रेषेवरून, मारावी लागली. चेंडू मुद्दाम बुटका व घसरता मारला गेला. तो केव्हिन मोएनने उचलला आणि रिचर्ड रॉजर्सकडे टाकला. रॉजर्सने ड्वाइट गार्नरकडे दिला. मैदानाच्या मध्याजवळ गार्नरला स्टॅनफर्डच्या अनेक खेळाडूंनी घेरून खाली ओढले, परंतु त्या गर्दीतून चेंडू पुन्हा रॉजर्सच्या हाती आला. रॉजर्सने तो मॅरिएट फोर्डला दिला आणि फोर्डने समोरच्यांवर आदळता आदळता, मागे न पाहता, खांद्यावरून तो पुन्हा मोएनकडे फेकला. अशा रीतीने चेंडू पाच वेळा हस्तांतरित झाला. मागे किंवा आडवा कितीही वेळा चेंडू टाकण्यास नियमांची मुभा आहे. पुढे टाकण्यास नाही. दरम्यान सामना संपला अशा समजुतीने स्टॅनफर्डचे वाद्यपथक, सुमारे १४४ वादक, मैदानात उतरले होते. मोएन त्या वादकांमधून धावत गोलरेषेपलीकडे गेला आणि गॅरी टिरेल नावाच्या ट्रॉम्बोनवादकावर जाऊन आदळला.

काही काळ निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. मुख्य पंच चार्ल्स मॉफेट याने सहकाऱ्यांस एकत्र करून विचारपूस केली. खेळ थांबविणारी शिट्टी कोणी फुंकली होती काय? कोणी फुंकलेली नव्हती. चेंडूची फेक कोणास पुढे गेलेली दिसली काय? नाही. दंडाची निशाणे पडली होती ती स्टॅनफर्डची जादा माणसे मैदानात आल्याबद्दल. आणि ज्याच्या विरुद्ध अपराध झाला त्यानेच गुण मिळविल्यावर त्या दंडास अर्थ उरत नाही. मॉफेटने दोन्ही हात वर करून टचडाऊन जाहीर केला. कॅलिफोर्निया २५, स्टॅनफर्ड २०.

स्टॅनफर्डचा आक्षेप दोन बाबींवर आहे. गार्नर पडला तेव्हा त्याच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच त्याचा गुडघा जमिनीस टेकला होता, ही पहिली. फोर्डची शेवटची फेक किंचित पुढे गेली, ही दुसरी. यापैकी पहिलीवर सारा भर दिला जातो. गार्नरचे स्वतःचे म्हणणे आपण पडलो नव्हतो असे आहे. भोवतीच्या स्टॅनफर्डच्या खेळाडूंचे याच्या अगदी उलट. दोन्ही साक्षी प्रत्यक्षदर्शींच्या असून दोन्ही हितसंबंधी आहेत. चित्रणात तो क्षण माणसांच्या गर्दीने झाकला गेला आहे. चित्रफीत आहे म्हणून घटना दिसतेच, हा समज अलीकडच्या काळातील साधनांविषयी सर्रास आढळतो; येथे चित्रफीत आहे, ती असंख्य वेळा पाहिली गेली आहे, आणि नेमका वादाचा गुडघा तीत निर्णायकपणे दिसत नाही. शिवाय चित्रण पाहून निर्णय फिरविण्याची पद्धत तेव्हा महाविद्यालयीन सामन्यांत नव्हती; ती २००४ नंतर हळूहळू आली. सामना संपल्याचे पंचाने जाहीर केले की गुणसंख्या अंतिम, असा नियमच असल्याने वरिष्ठ संघटनेकडे दाद मागण्यासही वाव नव्हता.

यास्तव ‘खरे काय घडले’ आणि ‘निकाल काय लागला’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पुराव्यावर व दुसऱ्याचे अधिकारावर अवलंबून आहे. निकाल २५–२० हा आहे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. गुडघ्याविषयी मात्र आहे. स्टॅनफर्डचे अनुयायी पहिल्या प्रश्नातील शंका दुसऱ्याच्या उत्तरात घालू पाहतात, तर कॅलिफोर्नियाचे अनुयायी दुसऱ्याच्या निश्चितीने पहिला प्रश्न मिटला असे समजतात. दोहोंतही चूक एकच आहे.

सामन्यानंतर चौथ्या दिवशी बर्कलीच्या आवारात ‘डेली कॅलिफोर्नियन’ या तेथील विद्यार्थी-वृत्तपत्राचा एक जादा अंक वाटला गेला. वरिष्ठ क्रीडासंघटनेने निर्णय फिरवून सामना स्टॅनफर्डला बहाल केला, अशी त्यात मुख्य बातमी होती. मांडणी व अक्षरांचे वळण मूळ पत्रासारखे होते. अंक बनावट होता व तो ‘स्टॅनफर्ड डेली’च्या विद्यार्थ्यांनी रचला होता. ही थट्टा होती आणि ती त्याच दिवसांत उघडही झाली. परंतु क्षणभर असे कल्पावे की शंभर वर्षांनी दुसरे काहीच न उरता हा एक अंक एखाद्या दप्तरात सापडला. पत्र कॅलिफोर्नियाच्या पक्षाचे आणि बातमी त्याच पक्षाच्या विरुद्ध. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष अधिक विश्वसनीय, या आपल्या नेहमीच्या कसोटीने हा बनावट कागद पहिल्या प्रतीचा पुरावा ठरला असता! वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल कागदांस श्रेष्ठ मानण्याचा आग्रह धरला व तो योग्यच होता; मात्र समकालीनत्व हे अस्सलपणाचे प्रमाण नव्हे, हे या अंकावरून चांगलेच ध्यानात येते.

निकाल आणि घटना यांत फारकत पडते तेव्हा विजेत्याने काय करावे, याची दोन उदाहरणे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. त्यांत दोष एकच होता, म्हणून तुलना विशेष बोधक ठरते. १६ नोव्हेंबर १९४० रोजी अपराजित असलेल्या कॉर्नेल विद्यापीठाने डार्टमथवर शेवटच्या क्षणी ७–३ असा विजय मिळविला. मोजणीत चूक होऊन पंच फ्रीझेल याने कॉर्नेलला पाचवा प्रयत्न दिला होता व विजयी गुण त्या पाचव्या प्रयत्नात आले होते. चित्रफीत तपासल्यावर पंचाने चूक कबूल केली. निकाल बदलण्याचा अधिकार कोणासच नव्हता. तरी कॉर्नेलने तार करून विजयावरील हक्क सोडला आणि डार्टमथने तो स्वीकारला. आज दोन्ही विद्यापीठांच्या नोंदीत डार्टमथ ३, कॉर्नेल ० असे आहे.

पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० रोजी, मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे कोलोरॅडो विद्यापीठाने मिझुरीस ३३–३१ असे हरविले. येथेही विजयी टचडाऊन पाचव्या प्रयत्नात झाला आणि मोजणीतील चूक निर्विवाद होती. पंचांना निलंबित करण्यात आले. निकाल कायम राहिला. कोलोरॅडोचा प्रशिक्षक बिल मॅकार्टनी हा स्वतः एके काळी मिझुरीचा खेळाडू होता. विजय सोडण्यास त्याने नकार दिला व उलट मैदान निसरडे असल्याची तक्रार केली. त्या वर्षी कोलोरॅडोस राष्ट्रीय अग्रस्थानाचा अर्धा वाटा मिळाला. दुसरा अर्धा जॉर्जिया टेकला. पुढे १९९८ मध्ये मॅकार्टनीने त्या प्रसंगाबद्दल खेद व्यक्त केला. मिझुरीच्या प्रेक्षकवर्गाचा राग मात्र ओसरला नाही.

कॉर्नेलचे वर्तन उदात्त आणि कोलोरॅडोचे हीन, असा निवाडा सोपा आहे व तो नेहमी दिला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु १९४० आणि १९९० या दोन वर्षांमध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचे स्वरूपच पालटले होते, हेही पाहिले पाहिजे. प्रशिक्षक, शिष्यवृत्तीवरील खेळाडू, देणगीदार माजी विद्यार्थी, दूरचित्रवाणीचे पैसे अशी जी सबंध यंत्रणा एका संघामागे उभी असते तिला अमेरिकेत ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. एका विजयाचा त्याग म्हणजे या यंत्रणेतील अनेकांच्या लाभाचा त्याग. तो एका अध्यक्षाच्या तारेने होण्याचे दिवस सरले होते. मॅकार्टनीला यामुळे दोषमुक्त ठरविता येत नाही. त्याचा मोह किती मोठा होता, एवढेच त्यावरून कळते.

बर्कलीच्या सामन्यात ही नैतिक स्पष्टता नाही. तेथे पाचवा प्रयत्न मोजून दाखविता येत नाही. एक गुडघा आहे आणि तो झाकलेला आहे. कॅलिफोर्नियाने विजय सोडावा असे म्हणण्यास आधार नाही आणि स्टॅनफर्डने शंका सोडावी असे म्हणण्यासही नाही. अशा वेळी पराजितांनी काय केले हे पाहावे लागते. १९८२ च्या निकालानंतर कुऱ्हाड कॅलिफोर्नियाकडे गेली. ज्या निकालास स्टॅनफर्ड फलकावर मान्यता देत नाही, त्याच निकालानुसार तिचा ताबा बदलला. १८९९ व १९३० चा वारसा असलेल्या या दोन विद्यापीठांत एवढ्या मोठ्या अन्यायाच्या भावनेनंतर चोरीचा मार्ग पुन्हा धरला जाणे अशक्य नव्हते. तसे न होता १९३३ ची तडजोड टिकली, आणि वाद सरकला तो फलकावरील दोन आकड्यांत. कृतीने अधिकार मानावयाचा व लेखाने पुरावा नाकारावयाचा, अशी ही विभागणी आहे. फलकावरील फेरफारास बनावट लेख म्हणता येत नाही ते याच कारणाने. बनावट लेखाचा हेतू फसविण्याचा असतो. येथे कोणी फसत नाही. ‘आम्हांस हे मान्य नाही’ असे नोंदविण्याची ती एक रीत आहे, आणि ती नोंद पुसण्याचा प्रतिपक्षाचा हक्कही तीत मान्य केलेला आहे.

किंबहुना दुसऱ्या पक्षावाचून ही परंपरा चालूच शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या विजयाची आठवण स्टॅनफर्डच्या तक्रारीने जागी राहते. मोएन आणि टिरेल यांची पुढे मैत्री जुळली. चेपलेला ट्रॉम्बोन महाविद्यालयीन फुटबॉलच्या संग्रहालयात गेला. ज्या संघटनेच्या पंचांनी तो निर्णय दिला ती सोडून दोन्ही विद्यापीठे २०२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याकडील एका संघटनेत दाखल झाली, तीही बरोबरच.

कोलंबियातील पाचव्या प्रयत्नानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, १७ नोव्हेंबर १९९० रोजी, बर्कलीच्या त्याच क्रीडांगणावर दोन्ही संघ पुन्हा भेटले. बारा सेकंद शिल्लक असता स्टॅनफर्डने टचडाऊन केला, पण पुढे जाण्यासाठीचे दोन जादा गुण हुकले आणि कॅलिफोर्निया २५–२४ असे पुढे राहिले. सामना संपला असे समजून या वेळी कॅलिफोर्नियाचे प्रेक्षक मैदानात धावले. त्याबद्दल कॅलिफोर्नियाला १५ यार्डांचा दंड झाला. स्टॅनफर्डने आपणच मारलेला चेंडू परत मिळविला, प्रतिपक्षाच्या आणखी एका दंडाने ते खांबांच्या टप्प्यात आले, आणि घड्याळ शून्यावर येत असता जॉन हॉपकिन्सने ३९ यार्डांवरून चेंडू पार केला. स्टॅनफर्ड २७, कॅलिफोर्निया २५.